ताटातील उणीव

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा दक्षिण भाग कापसासाठी प्रसिद्ध होता. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या प्रदेशातून प्रवास करणाऱ्यास मैलोगणती कापसावाचून दुसरे पीक क्वचितच दृष्टीस पडे. पुष्कळ ठिकाणी कापसाचे शेत थेट झोपडीच्या उंबऱ्याशी येऊन भिडलेले असे. भाजीपाल्याचे चार वाफे करावेत किंवा गाईसाठी गवत राखावे, तर त्यासाठी जमीनच उरत नसे. शेतांत राबणारी कुळे आणि सूतगिरण्यांतील मजूर यांचे अन्न वर्षातील बहुतेक दिवस एकच असे: मक्याच्या पिठाची भाकरी किंवा लापशी, डुकराची खारवलेली चरबी आणि काकवी. हे अन्न स्वस्त होते आणि त्याने पोटही भरत असे.

तरीही दरवर्षी वसंत ऋतू येऊन ऊन तापू लागले की या लोकांत एक विचित्र रोग उद्भवे. हातांची पाठ, मान, पावले अशी उन्हाला उघडी राहणारी कातडी प्रथम भाजल्यासारखी लाल होई, मग काळवंडून खरखरीत बने आणि तिचे पापुद्रे निघू लागत. तोंड आणि जीभ सोलवटून जाई. जुलाबांनी माणूस खंगे. पुढे त्याचे मनही ताळ्यावर राहत नसे. असे कितीतरी रोगी वेड्यांच्या इस्पितळात जाऊन पडत आणि तेथेच त्यांचा अंत होई. या रोगाचे नाव पेलाग्रा. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थ खरखरीत कातडी असा होतो. युरोपात हा रोग जुना होता. स्पेनमधील गास्पार कासाल नावाच्या वैद्याने १७३५ सालीच त्याची लक्षणे पाहिली होती. अमेरिकेत मात्र १९०७ साली अलाबामा राज्यातील एका वेड्यांच्या इस्पितळात या रोगाची साथ आढळली आणि त्यानंतर पाहावे तेथे तो दिसू लागला. १९१२ साली एकट्या दक्षिण कॅरोलिना राज्यात ३०,००० रोग्यांची नोंद झाली.

लोक भयभीत झाले. हा रोग स्पर्शाने पसरतो अशी सर्वांची समजूत होती. रोग्याच्या हातचे कोणी घेईना. काही इस्पितळे अशा रोग्यांना दारातूनच परत पाठवू लागली. विद्वानांची एक समितीही नेमली गेली. तिने गिरण्यांच्या वस्त्या धुंडाळल्या आणि हा रोग सांसर्गिक असावा असाच निष्कर्ष काढला. कोणी माशीला दोष देत होते, तर कोणी कुजक्या मक्याला. रोगजंतू कोणता, एवढेच शोधावयाचे राहिले आहे, असे बहुतेकांना वाटत होते.

अशा वेळी, १९१४ सालच्या आरंभी, सरकारी आरोग्य खात्याच्या प्रमुखांनी हे काम डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांच्याकडे सोपविले.

जोसेफ गोल्डबर्गर यांचा जन्म १६ जुलै १८७४ रोजी त्या वेळच्या ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातील गिराल्ट या गावी एका गरीब ज्यू कुटुंबात झाला. हे गाव आज स्लोव्हाकिया देशात आहे. १८८३ साली हे कुटुंब समुद्र ओलांडून न्यूयॉर्क शहरात आले. शहराच्या पूर्व भागात परदेशांतून आलेल्या गरिबांची दाट वस्ती होती. तेथे वडिलांनी लहानसे वाणसामानाचे दुकान घातले. कोणाच्या घरी कोणते सामान जाते आणि कोणाच्या घरी कोणते जात नाही, हे जोसेफने त्या दुकानात लहानपणीच पाहिले असेल. पुढे एक वेळ अशी आली की वाण्याच्या वह्याच त्यांच्या संशोधनाचे साधन बनल्या.

जोसेफ अभ्यासात हुशार होता. इंजिनियर व्हावे म्हणून त्याने महाविद्यालयात प्रवेश घेतला. परंतु एकदा मित्राबरोबर वैद्यकाचे व्याख्यान ऐकावयास गेला आणि त्याचे मन तेथेच रमले. १८९५ साली तो डॉक्टर झाला. काही वर्षे त्याने एका लहान शहरात दवाखाना चालविला, पण त्या ठरावीक कामात त्याचा जीव रमेना. १८९९ साली तो सरकारी आरोग्य खात्यात दाखल झाला. या खात्यातील डॉक्टरांना जेथे साथ असेल तेथे धावून जावे लागे. पीतज्वर, डेंग्यू आणि टायफस या तिन्ही रोगांचा अभ्यास करताना गोल्डबर्गर यांना ते तिन्ही रोग जडले आणि तिन्हींतून ते बचावले. तेव्हा सांसर्गिक रोग म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकविण्याची आवश्यकता नव्हती. ते त्यांनी स्वतःच्या शरीरावर अनुभवले होते.

दक्षिणेत आल्यावर त्यांनी प्रयोगशाळा उघडली नाही. प्रथम ते हिंडले. वेड्यांची इस्पितळे, तुरुंग, अनाथालये अशा ठिकाणी जाऊन ते नुसते पाहत राहिले. थोड्याच दिवसांत एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. इस्पितळांत शेकडो रोग्यांना पेलाग्रा झाला होता. परंतु त्यांना औषध पाजणाऱ्या, न्हाऊ घालणाऱ्या, रात्रंदिवस त्यांच्या सहवासात राहणाऱ्या परिचारिकांपैकी एकीलाही तो झालेला नव्हता. टायफस असता तर त्याने परिचारिका आणि रोगी असा भेद केला नसता. मग हा रोग माणसे ओळखतो की काय? गोल्डबर्गर भोजनगृहात गेले आणि ताटे पाहू लागले. नोकरवर्गाला हवे ते घेण्याची मुभा होती. दूध आणि मांस आधी त्यांच्या ताटात जाई. रोग्यांच्या वाट्याला उरे ती मक्याची लापशी आणि काकवी.

मिसिसिपी राज्यातील जॅक्सन गावी एक अनाथालय होते. त्यात २११ मुले होती आणि १९१४ सालच्या जुलै महिन्यात त्यांपैकी ६८ मुलांना पेलाग्रा झालेला होता. गोल्डबर्गर यांनी मुलांची वयानुसार विभागणी केली. सहा वर्षांखालील मुले होती २५. त्यांपैकी रोगी केवळ २. बारा वर्षांवरील मुले होती ६६; त्यांत रोगी अवघा १. आणि सहा ते बारा वर्षांच्या १२० मुलांपैकी मात्र तब्बल ६५ मुलांना रोगाने ग्रासले होते. सर्व मुले एकाच छपराखाली राहत होती, एकच पाणी पीत होती, एकत्र खेळत होती. जंतूला वय मोजता येत नाही.

उत्तर पुन्हा स्वयंपाकघरातच सापडले. अगदी लहान मुलांना दूध हवेच, म्हणून ते त्यांना मिळत असे. मोठी मुले शेतावर व इतर कामांवर जात, म्हणून त्यांना मांस मिळे. मधल्या वयाची मुले दुधासाठी मोठी ठरत आणि मांसासाठी लहान. गरीब संस्थेच्या तुटपुंज्या पैशांत कोणाचे तरी कमी करावे लागे, आणि ते या मुलांचे होत होते. संचालकांच्या मनात कोणतीही दुष्ट बुद्धी नव्हती. आपण मुलांना पोटभर जेवू घालतो, असेच त्यांना प्रामाणिकपणे वाटत होते.

गोल्डबर्गर यांनी सरकारकडून पैसा मिळविला आणि जॅक्सनमधील दोन अनाथालयांतील मुलांच्या जेवणात बदल केला. बारा वर्षांखालील प्रत्येक मुलास रोज किमान दोन पेले दूध सुरू झाले. सकाळी अंडे मिळू लागले. मक्याच्या लापशीऐवजी ओटची लापशी आली. मांसाचे दिवस वाढले आणि घेवडा, वाटाणा यांसारखी कडधान्ये नित्याची झाली. बाकी सर्व गोष्टी त्यांनी मुद्दाम जशाच्या तशा राहू दिल्या. इमारती, बिछाने, पाणी, यांपैकी कशालाही हात लावला नाही. औषधाचा एक थेंबही दिला नाही. पुढचा वसंत ऋतू आला आणि गेला. पूर्वी रोग झालेल्या आणि वर्षभर तेथे राहिलेल्या १७२ मुलांपैकी फक्त एका मुलात रोगाची चिन्हे पुन्हा दिसली. नव्याने कोणालाच रोग झाला नाही. पुढे सरकारी पैसा थांबला, जेवण पूर्वीसारखे झाले आणि त्याबरोबर रोगही परत आला. जेवण पुन्हा सुधारताच तो पुन्हा गेला. याहून स्पष्ट पुरावा मागणे कठीण होते.

परंतु लोकांनी तो मागितलाच. चांगल्या अन्नाने शरीर बळकट होते व बळकट शरीर जंतूंना दाद देत नाही; एवढ्यावरून जंतू नाहीतच असे कसे म्हणावे, हा विरोधकांचा आक्षेप होता. तेव्हा गोल्डबर्गर यांनी उलट बाजूने जाण्याचे ठरविले. निरोगी माणसांना केवळ विशिष्ट अन्न देऊन रोग उत्पन्न करून दाखवावयाचा. मिसिसिपीच्या राज्यपालांनी संमती दिली. जॅक्सनजवळच्या तुरुंगाच्या शेतावरील १२ कैदी प्रयोगास तयार झाले. प्रयोगानंतर शिक्षा माफ होईल, असे त्यांना लेखी वचन मिळाले होते. आज अशा प्रयोगास कोणी संमती देणार नाही, आणि ते योग्यच आहे. सुटकेची आशा दाखविल्यावर कैद्याने दिलेला होकार कितपत मोकळ्या मनाचा, हा प्रश्न उरतोच. १९१५ सालच्या एप्रिलपासून त्यांना मैदा, मक्याची लापशी, भात, साखर, काकवी, रताळी आणि थोडी पालेभाजी असे जेवण मिळू लागले. जेवण पोटभर होते. दूध, मांस, अंडी व कडधान्ये मात्र त्यातून वगळली होती. पहिल्या काही दिवसांत कैदी खूष होते. हळूहळू त्यांना अशक्तपणा जाणवू लागला, डोके दुखू लागले, आणि पाच महिन्यांनंतर कातडीवर तो ओळखीचा लाल पट्टा उमटला. एक कैदी दुसऱ्या आजारामुळे मध्येच गळला होता. उरलेल्या अकरांपैकी सहा जणांना पेलाग्रा झाला. त्याच शेतावर नेहमीचे जेवण जेवणाऱ्या इतर कैद्यांपैकी एकालाही तो झाला नाही.

एवढे होऊनही वाद मिटेना. मग १९१६ साली गोल्डबर्गर यांनी जे केले ते ऐकूनही अंगावर काटा येतो. हा रोग सांसर्गिक असेल तर तो आपणांस होऊ द्यावा, असे त्यांनी ठरविले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पेलाग्राच्या रोग्याचे रक्त स्वतःच्या शरीरात टोचून घेतले. रोग्याच्या नाकातील व घशातील स्राव आपल्या नाकाला आणि घशाला लावला. एवढ्यावर न थांबता रोग्याच्या कातडीचे पापुद्रे व मलमूत्र पिठाच्या गोळीत घालून त्या गोळ्या ते गिळले. एकंदर १६ जणांनी या प्रयोगांत भाग घेतला. त्यांत एकच स्त्री होती. ती म्हणजे डॉ. गोल्डबर्गर यांची पत्नी मेरी. तिने हट्टाने रोग्याचे रक्त टोचून घेतले. घरी लहान मुले असताना तिने हे धाडस केले, यावरून पतीच्या निष्कर्षावर तिचा केवढा विश्वास होता ते दिसते. काहींना दोन-चार दिवस मळमळले. पेलाग्रा कोणालाही झाला नाही.

आता गोल्डबर्गर यांच्यापुढे याहून अवघड प्रश्न उभा राहिला. दूध, मांस, कडधान्ये खाल्ली म्हणजे हा रोग होत नाही, हे कळले. मग लोक ती का खात नाहीत? अडाणीपणामुळे, असे सांगून मोकळे होणे सोपे होते. गोल्डबर्गर यांनी तसे केले नाही. एडगर सिडेनस्ट्रिकर नावाच्या अर्थशास्त्रज्ञाला सोबत घेऊन ते दक्षिण कॅरोलिनातील सूतगिरण्यांच्या सात वसाहतींत गेले. घरोघर जाऊन कोणाला रोग आहे याची नोंद केली. प्रत्येक घरात किती माणसे, मिळकत किती, पंधरा दिवसांत दुकानातून कोणकोणते सामान आले, हे सारे त्यांनी टिपून घेतले. यासाठी दुकानांच्या वह्या तपासल्या. मिळकत जसजशी कमी, तसतसा रोग अधिक, असे कोष्टकांतून स्वच्छ दिसून आले. त्यातही एक विशेष होता. दोन वसाहतींतील मजुरी जवळजवळ सारखी असूनही एकीत रोगाने कहर केला होता, तर दुसरीत तो जवळपास नव्हताच. या दुसऱ्या वसाहतीच्या आसपास कापसाबरोबर इतर पिकेही होत, शेतकरी भाजीपाला, दूध, अंडी दारावर आणून विकत आणि ताज्या मांसाची विक्री बारमाही चाले. पहिलीच्या भोवती चहूकडे कापूसच होता.

अर्थात हा रोग बरा करावयाचा तर मजुरांची मिळकत आणि शेतीची पद्धत यांना हात घालावा लागणार होता. ते डॉक्टरच्या हातात नव्हते. गोल्डबर्गर यांना हे चांगलेच उमगले होते. १९२० साली कापसाचे भाव कोसळले, तेव्हा गरिबांच्या ताटातील उरलेसुरले दूधही जाणार आणि पेलाग्रा वाढणार, असा इशारा त्यांनी दिला. अध्यक्ष हार्डिंग यांनी रेडक्रॉसला मदतीसाठी सिद्ध होण्यास सांगितले. परंतु दक्षिणेतील पुढाऱ्यांना याचा राग आला. आपल्या प्रदेशाला कंगाल म्हणून हिणविले जात आहे, असे त्यांना वाटले, आणि मदत नाकारण्यात त्यांनी भूषण मानले. ज्यांच्या घरात रोगी पडले होते त्या मजुरांना कोणी विचारलेही नाही.

मिळकत वाढविता येत नसेल तर निदान स्वस्त औषध शोधावे, म्हणून गोल्डबर्गर प्रयोगशाळेकडे वळले. कुत्र्यांना काळी जीभ नावाचा एक रोग होतो. तो आणि पेलाग्रा ही भावंडेच आहेत, असा तर्क होता. गोल्डबर्गर यांनी कुत्र्यांना मक्याचे अन्न घालून तो रोग उत्पन्न केला. कुत्र्यांची भूक मंदावली, म्हणून त्यांच्या अन्नात थोडे यीस्ट मिसळून पाहिले. दारूच्या भट्ट्यांत धान्य आंबविण्यासाठी हे यीस्ट वापरतात. ते अन्नात पडताच कुत्र्यांना रोग होईना! माणसांवरही त्याचा तसाच गुण आला. दुधामांसाच्या मानाने यीस्ट अतिशय स्वस्त होते. १९२७ साली मिसिसिपी नदीला प्रचंड महापूर आला. पेरण्या बुडाल्या, गुरे वाहून गेली आणि मदतीच्या छावण्यांत लक्षावधी माणसे जमली. गोल्डबर्गर त्या भागात हिंडले आणि त्यांच्या सल्ल्याने रेडक्रॉसने हजारो पौंड यीस्ट वाटले. औषधाच्या पुडीतून ते घरोघर गेले आणि असंख्य माणसे वाचली.

यीस्टमधील तो गुणकारी घटक कोणता, हे शोधीत असतानाच गोल्डबर्गर मूत्रपिंडाच्या कर्करोगाने आजारी पडले. १७ जानेवारी १९२९ रोजी वॉशिंग्टन येथे त्यांचे देहावसान झाले. त्या वेळी त्यांचे वय ५४ वर्षांचे होते. त्यांच्या अस्थींची रक्षा पोटोमॅक नदीत विसर्जन करण्यात आली.

१९३७ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातील कॉनरॅड एल्व्हेजेम यांनी काळी जीभ झालेल्या कुत्र्याला निकोटिनिक आम्ल दिले आणि कुत्रा झपाट्याने बरा झाला. गोल्डबर्गर शोधीत होते ते जीवनसत्त्व हेच होते. आज त्यास नायसिन म्हणतात. मक्यात हे जीवनसत्त्व असते, परंतु ते अशा रीतीने बांधलेले असते की शरीरास त्याचा उपयोग होत नाही. दूध आणि अंडी यांतही ते फारसे नाही; पण त्यांच्या प्रथिनांतील एका घटकापासून आपले शरीर स्वतःच ते तयार करते. मका मूळचा मेक्सिकोचा. तेथील बायका मका दळण्यापूर्वी चुन्याच्या पाण्यात शिजवून भिजत ठेवतात, आणि त्या चुन्याने बांधलेले नायसिन मोकळे होते. मका जहाजांतून युरोपात गेला तेव्हा ही चाल मात्र मागेच राहिली.

आपल्या दख्खनच्या पठारावरही हा रोग आढळला आहे, आणि तोही मक्यावर नव्हे, तर ज्वारीवर राहणाऱ्या गरिबांत. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली त्याची मीमांसा केली. त्यांनी दोष ज्वारीतीलच एका घटकाला दिला. भाकरीच्या जोडीला ताक नाही, डाळ नाही, पिठले नाही, अशी ताटे होती.

१९४० नंतर अमेरिकेत मैद्यात व मक्याच्या पिठात नायसिन मिसळण्यास सुरुवात झाली. युद्धाच्या काळात मजुरी वाढली. दक्षिणेतील शेतकरी कापसाबरोबर इतर पिके घेऊ लागला, आणि पुष्कळ घरांच्या परसात गाय दिसू लागली. पूर्वी ज्या इस्पितळांत पेलाग्राच्या रोग्यांना खाटा पुरत नसत, तेथे तरुण डॉक्टरांना दाखविण्यासाठीही एखादा रोगी मिळेनासा झाला.